पंधरा झाले तर

‘बघू, जमलं तर येतो’ असं बिरादार सरांना एकदा म्हणून चुकलेला माणूस पुन्हा तसं म्हणायच्या भानगडीत पडत नसे. सर शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढायचे, पेनचं टोपण उघडायचे आणि शांतपणे विचारायचे, “काय जमलं तर? तेवढं सांगा.” समोरचा सहज बोललेला असायचा. लग्नाच्या मांडवात, बसस्टॉपवर, एकदा तर आबिड्सच्या पोस्टात रांगेत उभं असताना. त्याला वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय. सर चेष्टा करत नसत. ‘रजा मिळाली तर येतो’ असं उत्तर आलं, की ते लिहून घेत आणि आठवड्यानं फोन करून विचारत, मिळाली का रजा? मिळाली असेल आणि माणूस आला नसेल, तर फोनवरच त्याची शाळा घेत. त्यामुळे बरीच मंडळी त्यांना चुकवायची.

पूर्ण नाव दिगंबर बिरादार. गाव उदगीरच्या पलीकडे, घरी शेती. कॉलेजसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. नामपल्लीजवळच्या आमच्या मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यांच्या बोलण्यात उदगीरची मराठी, गल्लीतली दखनी आणि भाजीवालीची तेलुगू एकाच ताटात वाढलेली असायची. इंग्रजी मात्र वेगळं, धुऊन इस्त्री केलेलं. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, पायांत कातडी चपला आणि आवाज असा, की शेजारच्या वर्गाचा भूगोल बंद पडावा. बोलणं हा त्यांचा खराखुरा आनंद होता. रिक्षावाल्याशी, कंडक्टरशी, शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंशी, कुणाशीही ते तासभर बोलू शकत.

मी आठवीत असताना त्यांनी आम्हाला ‘इफ’ची वाक्यं शिकवली. पुस्तकातलं पहिलं वाक्य होतं, ‘इफ इट रेन्स, वी विल नॉट प्ले.’ पाऊस आला तर आम्ही खेळणार नाही. सरांनी सगळ्यांना ते पेन्सिलीनं खोडायला लावलं. “पाऊस तुझ्या हातात हाय का?” त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं. “नाही ना? मग त्याची अट कामून घालायलास? घरचं लिही. तुझ्या हातातलं लिही.” मग प्रत्येकानं स्वतःच्या घरातलं एकेक वाक्य लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी सर एकेकाला उभं करून दोनच प्रश्न विचारायचे. अट घडली का? आणि घडली असेल, तर पुढचं केलंस का?

मी लिहिलं होतं, भावानं त्रास दिला तर मी त्याच्याशी एक आठवडा बोलणार नाही. भावानं संध्याकाळीच माझी कंपासपेटी लपवली आणि रात्री जेवताना मी त्याच्याकडे लोणचं मागितलं. दुसऱ्या दिवशी हे सगळं खरं खरं सांगावं लागलं, कारण सरांसमोर खोटं बोलायची आमची छाती नव्हती. त्यांनी माझ्या वहीत लाल शाईनं शेरा मारला, ‘वाक्य बरोबर. बोलणं खोटं.’ आणि अर्धा मार्क दिला. मी रडले. व्याकरणात चूक नसताना मार्क कापतात म्हणून माझे वडील शाळेत भांडायला गेले, आणि येताना सरांना शनिवारी आमच्याकडे जेवायचं आमंत्रण देऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

‘इफ’च्या तीन प्रकारांना सरांनी स्वतःची नावं दिली होती. पहिला प्रकार वायद्याचा, दुसरा मनातल्या मांड्यांचा आणि तिसरा हळहळीचा. वायद्याचा प्रकार ते दोन महिने शिकवत. मांड्यांना चार दिवस मिळत. मी पंतप्रधान असते तर, मला पंख असते तर, असली वाक्यं आम्ही ढीगभर लिहायचो आणि सर ती न वाचताच सही करायचे. हळहळीला एक तास. फळ्यावर तीन वाक्यं लिहून ते म्हणायचे, “हे उतरवून घ्या. परीक्षेला येतं. बाकी हे शिकवावं लागत नाही, आपोआप येतं.” आम्ही ते बिनचूक उतरवून घ्यायचो आणि घंटेकडे कान लावून बसायचो.

त्यांचा नियम आमच्यासाठी होता तसा त्यांना स्वतःलाही होता. नववीत असताना, सहामाहीच्या आधी त्यांनी वर्गाला सांगितलं, सगळेच्या सगळे इंग्रजीत पास झालात तर तुम्हाला नुमाइशला नेईन. नुमाइश म्हणजे नामपल्लीच्या मैदानावर दर जानेवारीत भरणारं मोठं प्रदर्शन. पाळणे, काश्मिरी शाली, भजी, धूळ. आम्ही जीव तोडून अभ्यास केला आणि पद्मा नावाची एक मुलगी दोन मार्कांनी गेली. सर नुमाइशला न्यायला तयार होईनात. हेडमास्तर मध्ये पडले, की एकीसाठी बाकीच्यांना शिक्षा कशाला. सर म्हणाले, “शिक्षा नाही हो. अट नाही झाली.” आम्ही पद्माशी बोलणं टाकलं. सरांनी मात्र तिला रोज शाळा सुटल्यावर तासभर थांबवून शिकवलं आणि मार्चमध्ये ती पास झाली.

निकाल लागला त्या दुपारी सर वर्गात आले आणि म्हणाले, चला. आम्ही विचारलं, कुठे? नुमाइशला. अहो पण सर, ती संपून महिना झाला. “मी कुठं तारीख सांगितली होती?” असं म्हणून ते आम्हाला रांगेनं घेऊन निघालेसुद्धा. मैदानावर बांबू सोडायचं काम चाललं होतं. पाळण्यांच्या जागी खड्डे, आणि एक पहारेकरी खुर्चीवर झोपलेला. सरांनी आम्हाला सगळीकडून फिरवलं, इथे शालीवाले असतात, इथे मौत का कुआँ असतो. पद्माला पुढे घेतलं होतं. मग फाटकाबाहेरच्या गाड्यावर सगळ्यांना मिरची भजी खाऊ घातली. इतकं हसलो आम्ही त्या दिवशी, की खऱ्या नुमाइशच्या माझ्या सगळ्या आठवणी एकमेकींत मिसळून गेल्यात, पण ती रिकामी नुमाइश मला कोपऱ्यान्‌कोपऱ्यासकट आठवते.

हे सगळं मला ठाऊक होतं, हे सांगण्यासाठी एवढं लिहिलं. पुढे जे झालं त्यात ‘मला काय माहीत’ असं म्हणायची सोय मला नाही.

शिक्षण झालं, लग्न झालं, आणि मी दिलसुखनगरच्या एका कोचिंग संस्थेत लागले. परदेशी जाणाऱ्यांना इंग्रजीच्या परीक्षेसाठी तयार करणं हा आमचा धंदा. तिसरा मजला, खाली चपलांचं दुकान, लिफ्ट बहुतेक वेळा बंद. हळूहळू वर्गांचं वेळापत्रक, शिक्षकांच्या नेमणुका, खोल्या, हे सगळं माझ्याकडे आलं. एक दिवस सर बसस्टॉपवर भेटले. निवृत्त झाले होते, पत्नी गेल्या होत्या, सरूरनगरला मुलाकडे राहत होते. शाळेत आता मराठी मुलंच येत नाहीत असं सांगत होते आणि सांगताना बस सोडून देत होते. मीच म्हटलं, सर, आमच्याकडे सकाळचा एक वर्ग घ्या. ते म्हणाले, केव्हापासून? मी म्हटलं, सोमवारपासून. सोमवारी साडेसहाला संस्थेचं कुलूप उघडायच्या आधी ते जिन्यात उभे होते.

आठ वर्षं त्यांनी तो वर्ग घेतला, चार नंबरच्या खोलीत. आमची बाकीची मुलं महिन्याभरात परीक्षा देऊन उडायच्या घाईची. त्यांना हवे असत तयार नमुने, कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर. सरांकडे यायचे ते सावकाश शिकणारे, नोकरीतले, घरातल्या बायका. तिथेही तेच, घरचं वाक्य आणि दुसऱ्या दिवशीची उलटतपासणी. ‘मी सिगारेट सोडली तर बायको माहेरहून येईल’ असं एका माणसानं लिहिलं होतं. सरांनी त्याला रोज विचारून विचारून इतकं हैराण केलं, की त्यानं सिगारेट सोडली. बायको आली. पेढे घेऊन दोघं जिना चढून आली तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर हजेरीपटात त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

पण वर्ग आटत गेला. बारा, मग नऊ, मग सहा. सर आता पंचाहत्तरीला आले होते. तीन जिने चढून आले की पाच मिनिटं काही न बोलता बसत, आणि त्यांच्या बाबतीत ते फारच दिसून येई. एका एप्रिलमध्ये आमच्या डायरेक्टरांनी सांगितलं, की चार नंबरच्या खोलीत संगणकाच्या केबिन करायच्या आहेत, बिरादार सरांचा वर्ग या महिन्यात संपतोय तो पुन्हा सुरू करू नका. “तुम्हीच सांगा त्यांना,” ते म्हणाले. “तुमचे सर आहेत.” त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. रिकाम्या बाकांसाठी खोली कोण ठेवतं?

सांगायचं माझ्याकडे आलं. आपल्याकडे वडीलधाऱ्याला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. मुलगा पसंत नसला तर पत्रिका जुळत नाही म्हणतात. जेवायला जायचं नसलं तर पाहुणे आले नाहीत तर येऊ म्हणतात, आणि पाहुणे येणार नसतात. ऐकणाऱ्यालाही ते कळतं, तो मान डोलावतो, कुणाचा मान जात नाही, कुणाचं मन मोडत नाही. मीही जन्मभर हेच करत आलेय. माझ्या घरच्यांना, शेजाऱ्यांना, संस्थेतल्या लोकांना, सगळ्यांना माझं ‘तर’ बरोबर कळतं.

वर्ग संपल्यावर सर खडूचे हात झटकत माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी विचारलं, नवा वर्ग केव्हा धरायचा. मी कागद चाळल्यासारखं केलं. म्हटलं, “सर, आता नवा नियम आलाय. पंधरा जण झाले तर वर्ग सुरू करू.” सहा जण गोळा होताना नाकी नऊ येत होते, तेव्हा पंधरा म्हणजे काय ते कुणालाही कळलं असतं. सरांनी डायरी काढली.

“पंधराच ना? चौदा चालणार नाहीत?”

“पंधरा तरी हवेत सर.”

“कधीपर्यंत?”

तिथे तरी मी थांबायला हवं होतं. डायरी उघडी होती, पेन माझ्याकडे रोखलेलं होतं, हे मला आजही आठवतं. पण मी म्हटलं, जूनच्या पहिल्या सोमवारपर्यंत. त्यांनी ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि खुशीत खाली गेले. मला वाटलं, सुटले. पुढच्या आठवड्यात सुतार आले आणि चार नंबरच्या खोलीत फळ्या ठोकायला लागले.

मे महिनाभर सर दिसले नाहीत. त्यांना कळलं असावं, वाईट वाटलं असावं, घरी आराम करत असावेत, असं मी धरून चालले. धरून चालायला मला आवडत होतं. आणि खरं म्हणजे त्या मे महिन्यात, त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, सर सिटी बसनं मलकपेट, मूसारामबाग, सरूरनगर फिरत होते. ऑटोस्टँडवर, अपार्टमेंटच्या गेटवर, देवळाच्या पायऱ्यांवर ते माणसांना विचारत होते, इंग्रजी शिकायचंय का?

जूनच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, ते आले. लिफ्ट बंदच होती. जिना चढून आल्यावर त्यांनी माझ्या टेबलावर हात टेकला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग पिशवीतून एक मोठा कागद काढून माझ्यासमोर पसरला. त्यावर त्यांच्या सुरेख अक्षरात पंधरा नावं होती, फोननंबर होते, आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाचं स्वतःचं एक वाक्य, मराठीत, तेलुगूत, हिंदीत. शिकून झाल्यावर ते इंग्रजीत म्हणायचं. यादगिरी म्हणून एक ऑटोवाला होता. त्याचं वाक्य, ‘सवारी इंग्रजीत भांडली तर मी गप्प बसणार नाही.’ पारूबाई म्हणून औरादकडच्या एक बाई, सरूरनगरला पिको-फॉल आणि ब्लाउज शिवायचं दुकान. त्यांचं वाक्य, ‘सोमवारी कापड दिलं तर शुक्रवारी ब्लाउज मिळेल.’ “हे वाक्य खरं व्हायला वर्ष लागेल,” सर हसत म्हणाले. “आमच्या सुनेचा ब्लाउज दोन महिन्यांपासून तिथंच हाय.” पुण्याहून मुलाकडे राहायला आलेले एक बँकेतले निवृत्त गृहस्थही यायला तयार होते, पण त्यांना इंग्रजी येत होतं, म्हणून सरांनी त्यांना मोजलं नाही. ते धरून पंधरा होत होते. त्यांना वगळल्यावर एक कमी पडला, आणि तो एक शोधायला आणखी चार दिवस गेले, असं ते सांगत होते.

मी कागदाकडे बघत राहिले. सर चार नंबरच्या खोलीकडे वळले, कारण आतून आवाज येत होते. दार उघडं होतं. आत बारा केबिन, प्रत्येकीत कानांना हेडफोन लावलेलं एकेक मूल पडद्याशी बोलत होतं. सर दारात उभे राहून बघत होते आणि माझ्याकडे त्यांची पाठ होती.

“अट पंधरांची होती ना?” त्यांनी वळून विचारलं.

“हो सर.”

“दिवस आजचाच?”

“हो.”

“मग?”

मला तेव्हाही काहीतरी रचता आलं असतं. नियम बदलला, डायरेक्टर बाहेरगावी आहेत, पुढच्या महिन्यात बघू. जिभेवर होतं सगळं. पण त्यांच्या कपाळावर घाम होता आणि शर्ट पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, “सर, खोली तेव्हाच गेली होती. एप्रिलमध्येच. मला तुम्हाला नाही म्हणवलं नाही.”

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं, मी पाया पडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. ते समोरच्या खुर्चीवर बसले, कागदाची चारपदरी घडी घातली आणि म्हणाले, “एवढी वर्षं शिकवलं तुला. नाही म्हणायला शिकवायचं माझ्याकडूनच राहिलं बघ.” मग त्यांनी विचारलं, की आता या लोकांचं काय करायचं, ते तयार होऊन बसलेत. मी म्हटलं, सर, मी फोन करते सगळ्यांना. “नक्को,” ते म्हणाले. “मी सांगितलंय, मीच सांगतो.”

ते उठले तेव्हा माझ्या टेबलावरचा फोन वाजला, एका पालकाचा. मी तो उचलला. बोलता बोलता मला त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाताना ऐकू येत होता, एकेक पायरी, मध्ये थांबत. मी फोन ठेवून खाली पळायला हवं होतं. पालकांना मी वीस मिनिटं वेळापत्रक समजावून सांगितलं.

सरूरनगर आमच्या संस्थेपासून ऑटोनं पंधरा मिनिटांवर. जून प्रवेशांचा महिना म्हणून जायचं राहिलं. जुलैत मुलगी आजारी होती. ऑगस्टमध्ये दोनदा निघाले आणि दोनदा वाटेतून परतले, कारण तिथे जाऊन काय बोलायचं ते सुचेना. गणपतीत प्रसाद घेऊन जाऊ असं ठरवलं, आणि मग घरातलाच प्रसाद घरात संपला. दसऱ्याच्या चार दिवस आधी शाळेतल्या एका मैत्रिणीचा फोन आला, की बिरादार सर गेले. दुपारचे जेवून झोपले ते उठलेच नाहीत. मी त्या दिवशीही गेले नाही. तेराव्याला गेले.

घर लहान होतं आणि माणसं पुष्कळ. सरांच्या मुलानं मला ओळखलं, “बाबा तुमचं नाव नेहमी काढायचे,” म्हणाला, आणि आतल्या खोलीत बायकांमध्ये बसवलं. शेजारी एक पंचेचाळिशीच्या, सावळ्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, “तुम्ही वर्षा मॅडम का? सरांच्या कोचिंगच्या?” मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्या पारूबाई होत्या, ब्लाउजवाल्या.

“लई उपकार मॅडम तुमचे,” त्या म्हणाल्या. “सरनी सांगितलं समदं. म्हणाले, वर्षानं आपल्यासाठी खोली धरून ठेवली व्हती, पण माझाच घसा गेला, डॉक्टरनं बोलायची मनाई केलीय, आता मला शिकवायला जमत नाही. पंधरा जणांच्या घरी जाऊन सांगितलं त्यांनी. यादगिरीच्या स्टँडवर तर तीनदा गेले, तो सापडना म्हणून.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ज्या माणसानं आठवीतल्या पोरीच्या लोणच्यासाठी अर्धा मार्क कापला, तो माणूस उन्हातान्हात दारोदार हिंडून पंधरा वेळा खोटं बोलला होता, आणि ते माझं नाव राखण्यासाठी. पारूबाईंनी अजून माझा हात धरलेला होता. मी तो सोडवून घेतला.

“सरांच्या घशाला काही झालेलं नव्हतं,” मी म्हटलं. “खोली नव्हती. मी त्यांना खोटं आश्वासन दिलं होतं आणि मग नाही म्हटलं. त्यांनी माझ्यावर आळ येऊ नये म्हणून तसं सांगितलं.”

माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण समोरच्या दोघी बघायला लागल्या. पारूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. त्या चिडतील, उठून जातील, जे काही करतील ते मला चाललं असतं.

“खोलीचं काय एवढं,” मग त्या म्हणाल्या. “माझ्या दुकानाच्या वर जागा हाय. मशीन सरकवलं की पंधरा काय, वीस माणसं बसतेत. सरला शिकवायची इच्छा व्हती हे आम्हाला ठावंच नव्हतं.”

मी मान खाली घातली. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, स्वतःशीच बोलत होत्या.

“रोज संध्याकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. कायतरी बोलायला तोंड उघडायचे, अन् आम्हीच म्हणायचो, नक्को सर, घसा दुखंल. आम्ही सगळ्यांनी ठरवलं व्हतं, सरला बोलायला लावायचं नाही. चार महिने मॅडम. चहा द्यायचो, हात जोडायचो, अन् गप बसायचो.”